२० इंची अलॉय रिम टाकतोय, टायर व्ही स्पीड रेटिंगचा घेऊ की डब्ल्यू?

म्हापसेकर: एसयूव्हीला कंपनीचे २३५/६० आर१८, १०३ व्ही टायर आहेत (रुंदी २३५ मिमी, उंची तिच्या ६०%, रिम १८ इंची), आता २५५/४५ आर२० घालायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो एच पण चालेल, गोव्यात एवढ्या स्पीडने कोण चालवतो, पैसे वाचतील. बरोबर आहे का?

घाटवाला: नाही रे, एच अजिबात घेऊ नको. ही अक्षरं टायरच्या कमाल स्पीडची, एच म्हणजे ताशी २१० किमी, व्ही २४०, डब्ल्यू २७०, पण प्रश्न फक्त टॉप स्पीडचा नाय, त्या स्पीडला लोड घेऊन टायर किती उष्णता झेलतो त्याचा आहे, आणि गाडी ताकदवान असेल तर कंपनीने व्ही उगाच दिलेला नसतो. व्ही किंवा वर, खाली नको. आणि लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, आधी बघ! या साइजमध्ये १०१ पण मिळतो, म्हणजे टायरमागे ८२५ किलो, तुझा १०३ म्हणजे ८७५. एक्सएल (जादा लोडचा) १०५ घे, आणि हवा किती ठेवायची ते टायर कंपनीच्या लोड टेबलात बघून ठरव, गाडीवरच्या जुन्या स्टिकरवरून नको.

फोंड्याची: डब्ल्यू घेतला म्हणून पावसात ग्रिप वाढते असं नाही हं, त्यासाठी वेट ग्रिप (ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं रेटिंग) आणि ट्रेड (टायरची नक्षी) बघ. माझी खरी काळजी साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या उंचीची आहे, १४१ मिमीवरून ११५ वर येतोस, जुलैत चोर्ला घाटात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि रिम वाकते. २३५/५५ आर१९ बघ ना, व्यास जवळपास तोच, साइडवॉल १२९.

म्हापसेकर: १९ चं पटतंय, १०५ व्ही एक्सएल कुठे मिळतो बघतो.