गावच्या लेखकाचं पुस्तक, गावच्याच लोकांपुढे : तुमचे अनुभव सांगा

भरडावरची
आज माळ्यावरच्या ट्रंका उपसताना वाळवीतून वाचलेलं एक पातळसं पुस्तक हाती आलं. आमच्या गुरुजींचं, पदरचे पैसे घालून छापलेलं. मधल्या एका पानावर निळ्या शाईची खाडाखोड आहे, आणि ती बघून सगळा कार्यक्रम डोळ्यांपुढे उभा राहिला.

गाव मालवणच्या बाजूचं. प्रकाशन मे महिन्यात, देवळाच्या सभामंडपात, कारण चाकरमानी तेव्हाच असतात. ताम्हणात पुस्तकं, वर खणाचं कापड, शाल-श्रीफळ सगळं रीतसर झालं. मग गुरुजींनी रापणीचं प्रकरण वाचायला घेतलं. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, दोन्ही टोकांना किनाऱ्यावर माणसं लागतात, बायका पाट्या घेऊन थांबलेल्या. मंडप चिडीचूप. आणि आलं वाक्य, की अष्टमीची रात्र होती नि दर्याला उधाण होतं. मागच्या खांबाला टेकलेले एक म्हातारे रापणकर उभे राहिले. “गुरुजी, अष्टमीक उधाण खंय येता? अष्टमीक भांग. उधाण पुनवेक नायतर आवसेक.”

अध्यक्ष त्यांना खाली बसवायला निघाले. गुरुजींनी अध्यक्षांनाच थांबवलं, चष्मा काढला आणि विचारलं, “मग काय लिवू, सांग.” म्हाताऱ्याने तिथल्या तिथे समजावलं, की भांगाला पाणी फार वर चढत नाही नि फार लांबही जात नाही, मग जाळं कुठे टाकायचं, ओढायला केव्हा लागायचं. दहा मिनिटं तेच बोलत होते आणि सगळा गाव ऐकत होता. नंतर विकलेल्या प्रत्येक प्रतीत गुरुजींनी आधी ते वाक्य सुधारलं, मग सही केली.

शहरात हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. माझं ठाम मत आहे, आपल्या भागावर लिहिणाऱ्याने पहिलं वाचन त्याच माणसांपुढे करावं. तुमच्याकडे असे कार्यक्रम कसे होतात? लिहा.

पऱ्याकाठ
काटा आला वाचताना. आमच्या वाडीत उलट झालेलं. पुस्तकात फणस चोरणाऱ्या एका इसमाचं वर्णन होतं, नाव बदललेलं. प्रकाशनाच्या दिवशी तीन घरांतले लोक भांडायला तयार, तो आमचाच आजोबा म्हणून! चोर म्हटलं याचा राग नाही कोणाला, पुस्तकात कोण आलं यावर वाद 😄

वरची आळी
@पऱ्याकाठ 😂😂 कापा होता की बरका?

पऱ्याकाठ
कापा. बरक्यासाठी कोण एवढं भांडेल.

सड्यावरून
बरक्याला नावं ठेवू नका. सांदणं कशाची करता मग?

खेडची सून
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमच्या आत्येसासूबाईंनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आसपासच्या गावांत फिरून, म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी बसून उतरवून घेतल्या. शाळेच्या हॉलमध्ये प्रकाशन. पाहुण्यांची भाषणं झाली, लोकसाहित्य वगैरे. मग आत्या उठल्या, भाषण नाही केलं, पहिली ओवी म्हटली फक्त. दुसरी समोरच्या सतरंजीवरून आली. तिसरी दाराजवळून. ज्या बायकांनी ओव्या दिल्या होत्या त्याच बसलेल्या ना! एकीला तर पुस्तकात नसलेल्या चार आठवल्या, आत्यांनी लगेच निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतल्या. माझ्या सासूबाई कधी चारचौघांत बोलत नाहीत, त्यांनीही भावावरची एक म्हटली. त्यांचा भाऊ गेला होता त्याच वर्षी. पुढे लिहवत नाही, शिट्टी झाली.

माहेर_गुहागर
🙏 जवळ घ्यावंसं वाटलं त्यांना. पुस्तक मिळेल का हे?

पेठेतला
आमच्या गावात एकदा प्रमुख पाहुण्यांनीच सव्वा तास घेतला. पुस्तक वाचलेलंच नव्हतं हे दुसऱ्या मिनिटाला कळलं. लेखक बिचारा शेवटी पाच मिनिटं बोलला, तोवर लोक शेवटच्या एसटीसाठी उठलेले. चीड येते अजून. ज्याचं पुस्तक त्याला आधी बोलू द्या, भाषणं मागाहून. रत्नागिरीत १८२८ पासून वाचनालय आहे, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, वाचणारी माणसं आहेत आपल्याकडे. त्यांना पुस्तकातलं ऐकायचं असतं.

भरडावरची
@पेठेतला अगदी. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर हेच सांगणार.

वाशिष्ठीच्या काठी
मी चिपळूणची. २०१३ चं साहित्य संमेलन आमच्याकडे झालं तेव्हा मांडवाबाहेर स्टॉलवर शेजारच्या काकांनी आपला कवितासंग्रह ठेवला होता. जाणाऱ्या-येणाऱ्याला एकेक कविता वाचून दाखवायचे, घ्या असं कधी म्हणाले नाहीत. उरलेल्या प्रती घरी खोक्यांत होत्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात सगळ्या गेल्या. तळमजला पूर्ण पाण्याखाली. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, २००५ चा पूर सोसलेला, या वेळी तिथेही पाणी शिरलं. काकांचा चिखल काढायला गेलो तर खोक्यात नुसता लगदा. पुठ्ठ्यावरचा लाल रंग तेवढा हाताला लागत होता.
मग ज्यांनी ज्यांनी पुस्तक विकत घेतलं होतं त्यांना फोन केले. डोंबिवलीहून एक प्रत आली, दापोलीहून एक. त्यावरून दुसरी आवृत्ती काढली. तिचा कार्यक्रम काकांच्या अंगणात केला, प्रत परत देणाऱ्यांना पुढे बसवून.

वरची आळी
हे वाचून गप्प झालो. काकांना नमस्कार सांगा.

सड्यावरून
आमच्याकडेही पाणी आलेलं, त्या दिवसाचं नाव काढलं तरी आई अजून उठून दार बघते. काळजी घ्या सगळे.

ग्रंथपाल_ताई
तालुक्याच्या वाचनालयात काम करते म्हणून कामाचं सांगते. पुस्तक स्वतः काढणाऱ्यांनी आयएसबीएन क्रमांक जरूर घ्यावा. सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, फुकट मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. दुसरं, १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकाने चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा, मुंबईतलं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. आपल्याकडची माणसं हे करत नाहीत आणि मग पुरात, वाळवीत शेवटची प्रत गेली की संपलं. वाशिष्ठीताई, दुसरी आवृत्ती पाठवलीत का?

वाशिष्ठीच्या काठी
नाही! हे माहीतच नव्हतं. काकांना आत्ताच सांगते.

कणकवलीकर
दशावतारावरच्या पुस्तकाचा कार्यक्रम सांगतो. लेखक अभ्यासू, चांगलं बोलले. नंतर एका जुन्या कलाकाराला बोलावलं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं जागच्या जागी. त्यांनी माईक घेतला आणि लेखकालाच राजा करून दरबार भरवला! राजाने ग्रंथ का लिहिला, कोणासाठी लिहिला, प्रश्नावर प्रश्न. लेखकही कसलेले, त्याच भाषेत उत्तरं देत गेले. पुस्तकात काय आहे ते लोकांना या सवाल-जवाबात जेवढं कळलं तेवढं कुठल्या भाषणात कळलं नसतं. पेटीवाला समोरच होता, त्याने सूर धरला. दीडेकशे पुस्तकं घेऊन आलेला प्रकाशक रिकाम्या पिशव्या घेऊन गेला.

बांद्याचो
ह्या भारी 👌 आमच्याकडे मालवणी कथांचा प्रकाशन झाला तेव्हा माझी आजी म्हणाली, “तां पुस्तक माका व्हया.” तिका वाचूक येना नाय. रोज रात्री नातवंडांकडसून एक गोष्ट वाचून घेय. पुस्तक पुरा झाला तेव्हा लेखकाक घरी बोलावून घावणे घातले.

माहेर_गुहागर
घावण्यांबरोबर रस की चटणी?

बांद्याचो
नारळाचो रस. गूळ घालून.

मालगुंडचा
आमच्या गावात केशवसुत स्मारक आहे, १९९४ पासून. तिथे नवी मुलं कविता वाचतात तेव्हा गावातले आंबेवाले, मच्छीवालेही येऊन बसतात. माझ्या पुतणीने पहिल्यांदा वाचलं ते तिथेच. हात थरथरत होते, कागद वाजत होता माईकमध्ये. पुढच्या रांगेतली मावशी म्हणाली, “सावकाश वाच गो, आमका घाई नाय.” मग जी वाचली पोरीने!

वरची आळी
वा! पुतणीच्या कविता टाका की इथे.

मालगुंडचा
तिला विचारून टाकतो. दहावीचं वर्ष आहे, आता अभ्यासाला बसवलीय.

खेडची सून
@माहेर_गुहागर आत्यांकडे ओव्यांच्या प्रती आहेत अजून, आत्ताच फोन केला. पैसे नकोत म्हणतात, तुमच्या आजीची एखादी ओवी असेल तर पाठवा म्हणाल्या. पत्ता निरोपात कळवा.

माहेर_गुहागर
आजीच्या नाहीत, पण आईला येतात. रविवारी तिच्याकडे जातेय, लिहून आणते.