जिमनीला स्वस्तातली लिफ्ट: ४० मिमीचे स्पेसर पुरेत, टायर नंतर बघू

खारघरकर:
मारुतीची पाच दारांची जिमनी, लिफ्टसाठी (गाडीची बॉडी उंच करायला) बजेट तीस हजार. लाखभराचं इम्पोर्टेड किट बघून आलो आणि माझं मत ठाम झालं की चारही कॉइलच्या बैठकीत ४० मिमीचे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाकायचे आणि विषय संपवायचा.

पाच दारवाल्या जिमनीचं दुखणं पोटाखाली आहे. व्हीलबेस २५९० मिमी. परदेशात मिळते त्या तीन दारवालीचा २२५०. म्हणून तिचा ब्रेकओव्हर अँगल (पोट न टेकता केवढा उंचवटा ओलांडता येतो तो कोन) २८ अंश आणि आपला २४. कर्जत-मुरबाडकडे भाताचा बांध ओलांडताना पुढची चाकं उतरली की मधोमध खालून खर्रकन आवाज येतो, तो ह्याचमुळे. २४ अंश म्हणजे दोन्ही चाकांच्या बरोबर मध्ये जमिनीपासून साधारण २७५ मिमी. त्यात ४० मिळवा, कोन २७ च्या पुढे जातो. चार चकत्यांत तीन दारवालीच्या शेजारी जाऊन बसलो की!

चकत्या तुर्भे एमआयडीसीत लेथवाल्याकडून नायलॉनच्या दांड्यातून कापून घेतोय. एका बाजूला कॉइलच्या शेवटच्या वेढ्याला धरणारी कड, दुसऱ्या बाजूला कंपनीचं रबर बसेल अशी खोबण. कड नसलेली सपाट चकती फुकट दिली तरी घेऊ नका, ती सरकते आणि कॉइल तिरकी बसते. आणि ॲक्सेसरीच्या दुकानात कॉइलच्या वेढ्यांत घालायचे रबरी बफर मिळतात, त्यांच्या नादी तर अजिबात लागू नका. गाडी नावापुरती उचलली जाते, वेढा जाम होतो आणि सगळा मार उरलेल्या वेढ्यांवर.

शॉकअप कंपनीचेच, टायर मूळचेच १९५/८० आर १५. खोडून काढा.

पारसिकचा_पठ्ठ्या:
खोडतोच. कंपनी २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स सांगते तो डिफच्या (एक्सलवरच्या गिअरच्या) गोळ्याखालचा. पुढेमागे दोन्हीकडे सॉलिड एक्सल आहे साहेब, दोन चाकं जोडणारा अखंड दांडा. स्पेसर टाकला की बॉडी वर जाते, एक्सल आहे तिथेच राहतो. २१० चे २१०.

बांध कधीतरी लागतो, चाकोऱ्या रोज. शहापूरच्या आतल्या वाटांवर पावसाळ्यात ट्रॅक्टर फिरून खोल चाकोऱ्या पाडतो आणि दिवाळीपर्यंत मधला चिखल दगडासारखा वाळतो. तिथे गोळाच आधी टेकणार, पोट कितीही वर असो. डिफ उचलणारी गोष्ट एकच, टायर. १९५/८० चा व्यास ६९३ मिमी, २३५/७५ चा ७३३. त्यातला अर्धा तुमचा, म्हणजे डिफ २० मिमी वर आणि पोटही २० मिमी वर. तुमच्या चकत्यांनी डिफला भोपळा.

खारघरकर:
गणित बरोबर, पण बिल अर्धंच दाखवलंत. टायर चार नाही, पाच घ्यावे लागतात. मागच्या दारावरची स्टेपनी जुन्या मापाची ठेवून फोर व्हील ड्राइव्हमध्ये एक चाक लहान फिरवणार का? पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं काय होईल? आणि त्या जड स्टेपनीने दाराचे बिजागर खुळखुळायला लागतात ते वेगळंच.

शिवाय इंजिन १०५ पीएसचं, टॉर्क १३४ एनएम, तोही ४००० आरपीएमला. जवळजवळ ६ टक्के मोठं चाक लावल्यावर माळशेज घाटात गिअर पाडत बसायचं. मीटरही तेवढाच खोटा. काट्यावर १०० दिसताना हिशेबाने गाडी १०६ ला, आणि अटल सेतूवर मर्यादाच १०० ची आहे. पावती तुम्ही भरणार?

२३५ कुठेही घासत नाही असं छातीवर हात ठेवून सांगता का?

पारसिकचा_पठ्ठ्या:
स्टिअरिंग पूर्ण वळलेलं आणि एक्सल तिरका झाला की घासतो. नाही म्हणत नाही. म्हणून माझ्या गाडीला २१५/७५, ऑल टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे).

खारघरकर:
म्हणजे व्यास ७०३. डिफ पाच मिमी वर! पाच मिमीसाठी पाच टायर!

पारसिकचा_पठ्ठ्या:
मिलिमीटर सोडा, ग्रिप बघा. ऑल टेरेन टायर, कच्च्यात शिरताना हवा १८ पीएसआयवर, बाहेर आलो की काँप्रेसरने परत भरायची. तुमचा हायवे टायर चिखलात गुळगुळीत झाला की ४० मिमी उंचावरून अडकाल, एवढाच फरक.

आणि स्पेसरवाले एक गोष्ट नेहमी गाळतात. शॉकअप कंपनीचाच म्हणजे त्याची लांबी तीच. गाडी ४० ने वर गेली तर चाकाला खाली लटकायला उरलेली जागा ४० ने कमी झाली. आडव्यातिडव्या खड्ड्यात तुमचं चाक माझ्या आधी हवेत जाणार. ह्याला लिफ्ट म्हणायचं की टाचेचे बूट?

खारघरकर:
शॉकअपला एक्स्टेन्शन ब्रॅकेट मिळतात. आणि हवेत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या बाजूला ढकलणारी सिस्टिम जिमनीत कंपनीनेच दिली आहे.

माजिवडा_मनोरा:
लिफ्ट करणाऱ्यांनी आधी आपापल्या सोसायटीचं स्टॅक पार्किंग बघावं. जिमनी मुळात १७२० मिमी उंच. त्यात ४० ची चकती आणि वर हौसेचा कॅरिअर. आमच्याकडे एक गाडी खालच्या ट्रेमध्ये जाते, वरचा ट्रे उतरताना सेन्सर ओरडतो आणि वॉचमन मालकाच्या नावाने. हल्ली ती रस्त्यावर उभी असते.

घोडबंदर_जिप्सी:
दोघंही तरुण दिसता, भांडा भांडा. मी जिप्सीवाला. पुढेमागे पाटे, कॉइलचे लाड नाहीत. आमच्याकडे स्वस्तातली लिफ्ट म्हणजे लांब शॅकल, पाट्याचं टोक चेसीला टांगणारी कडी. ५० मिमी लांब शॅकल लावली की गाडी वर येते साधारण २५, कारण शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते. पुढचं शेपूट चुकत नाही: पुढच्या एक्सलचा कोन फिरतो, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासं होतं. ज्यांना त्याहून उंच हवं ते एक्सलच्या खालचा पाटा वर नेऊन बसवतात. चार-पाच इंच मिळतात, पण ड्रॅग लिंक (स्टिअरिंग चाकांना जोडणारी दांडी) इतकी तिरकी होते की खड्ड्यात गाडी हात न लावता वळते.

खारघरकर, तुझ्या चकत्यांना माझा विरोध नाही, विरोध त्या 'विषय संपवायचा'ला आहे. जिमनीत पुढचा एक्सल दोन लीडिंग आर्मवर (एक्सल धरणाऱ्या लांब दांड्यांवर) आणि एका आडव्या पॅनहार्ड रॉडवर टांगलेला. बॉडी वर गेली की आर्म खाली झुकतात आणि कॅस्टर जातो. पॅनहार्ड एक्सलला काही मिलिमीटर एका बाजूला ओढतो. स्टिअरिंग व्हील सरळ रस्त्यावर वाकडं दिसतं, ते ड्रॅग लिंक फिरवून सरळ होतं. कॅस्टर मात्र त्याने परत येत नाही, त्याला ऑफसेट बुश (भोक मध्याऐवजी बाजूला असलेले) लागतात आणि ते प्रेसवर बसवावे लागतात. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढणीला ट्रकमागे रांगत असशील तर काही कळणार नाही. अटल सेतूवर आडवा वारा सुटला की कळेल. गाडी लेनमध्ये पोहत राहते, तू दोन्ही हातांनी सावरत राहतोस.

तीस हजारांतून बुश, ते बसवण्याची मजुरी आणि अलाइनमेंट आधी बाजूला काढ. उरतील त्यात चकत्या.

वाशी_आरटीओ_फेऱ्या:
कुणी कायदा काढेना म्हणून मीच काढतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: आरसीतले तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. कलम १८२ए प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघातानंतर विम्याचा सर्वेअर खाली वाकून बघतो तेव्हा चकत्या लपत नाहीत.

खारघरकर:
माझ्या आरसीवर उंचीचा रकानाच नाही. मग कुठला तपशील वेगळा झाला?

वाशी_आरटीओ_फेऱ्या:
हा युक्तिवाद नाक्यावरच्या इन्स्पेक्टरला ऐकवून बघा. माझं म्हणणं एवढंच की ४० मिमीवर बोट ठेवायला कुणी बसत नाही, चार इंच उचलून बाहेर आलेले टायर लावले की लांबूनच दिसतं. आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नाही म्हणाली तर किमान आधी कळेल.

पारसिकचा_पठ्ठ्या:
काकांच्या हिशेबाने बुश, मजुरी आणि अलाइनमेंट धरली तर स्पेसर 'स्वस्त' कुठे राहिले? माझ्या टायरनंतर सस्पेन्शनला पानाही लावावा लागला नाही. जुने पाच टायर नवे असतानाच विकले, त्याचेही पैसे आले. मी मत बदलत नाही.

खारघरकर:
मीही नाही. माझे टायर अजून निम्मेसुद्धा झिजलेले नाहीत, ते संपले की २१५ घेणारच आहे. पोट आज टेकतंय. बुशचं मान्य, ते यादीत घातलं. काका, बाकी काय बघू?

घोडबंदर_जिप्सी:
गाडी जॅकवर घेऊन एक चाक पूर्ण लटकव, तिरक्या कोपऱ्यातलं पूर्ण दाब, आणि तशा अवस्थेत ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर हाताने चाचप. ताणलेली वाटली तर ब्रॅकेट खाली घे. एक्स्टेन्शन ब्रॅकेट लावणार असशील तर हे ते लावल्यावर कर, आधी नको, कारण चाक तेव्हाच जास्त लटकतं. बम्पस्टॉप (चाक फार वर आलं की अडवणारं रबर) विसरू नकोस. चकतीने कॉइलची जागा ४० ने खाल्ली आहे, मोठ्या दणक्यात वेढ्यावर वेढा बसेल. बम्पस्टॉपलाही तेवढाच तुकडा लागतो, लेथवाल्याकडे दांडा उरला असेल तर त्यातूनच काप म्हणावं.

अलाइनमेंटवाला टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) जुळवून गाडी हातात देईल. कॅस्टरची प्रिंट माग, चकत्या घालायच्या आधीची एक आणि नंतरची एक. आधीची नसेल तर बुश किती अंशाचे आणायचे हे कुणीच सांगू शकणार नाही.