भुकटी जितकी बारीक, तितका वर्णपट वेगळा?

प्रश्न:
मी नाशिकमध्ये भूविज्ञान शिकतो. पांडवलेणीच्या बाजूच्या एका खाणीतून आणलेला बेसॉल्ट आणि त्याच्या पोकळीतले स्टिलबाइट (रचनेत पाणी असलेले खनिज) कुटून, चाळून मी प्रत्येकाचे दोन भाग केले: एक ४५ मायक्रॉनखालचा, दुसरा ७५ ते १२५ मायक्रॉनमधला. ३५० ते २५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे परावर्तन मोजले, तेव्हा स्टिलबाइटची बारीक भुकटी अधिक उजळ दिसली, पण तिचे शोषणपट्टे, म्हणजे प्रकाश शोषला गेल्याने वर्णपटात पडणारे खळगे, उथळ झाले. शिवाय १४०० आणि १९०० नॅनोमीटरजवळचे पट्टे खनिजाचे मानावेत की श्रावणातल्या दमट हवेचे? नमुने भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला वाळवू का?

पहिले उत्तर:
उजळपणा अपेक्षितच आहे. पारदर्शक कणात प्रकाश शिरतो आणि आतून जाताना शोषला जातो. कण लहान झाले की पृष्ठभाग वाढतात, प्रकाश लवकर बाहेर फेकला जातो आणि त्याचा आतला प्रवास तोकडा पडतो. मॅग्नेटाइटसारख्या (लोहाचे चुंबकीय खनिज) अपारदर्शक खनिजात मात्र उलटे घडते, भुकटी बारीक होईल तशी काळवंडते. म्हणून तुलना एकाच आकाराच्या कणांमध्ये करावी, आणि जाड कणांना चिकटलेली धूळ अल्कोहोलने धुऊन काढावी. नाहीतर चाळणीचा आकडा नुसता कागदावर राहतो.

दुसरे उत्तर:
स्टिलबाइट भट्टीत घालू नका. त्याच्या रचनेतल्या पोकळ्यांत पाणी असते आणि १०५ अंशांना त्यातले काही निघून जाते, म्हणजे तुम्ही मोजाल ते मूळ खनिज नसेल. १९०० चा पट्टा पाण्याच्या रेणूचा आहे. १४०० चा पट्टा मात्र नुसत्या हायड्रॉक्सिलमुळेही (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) येतो. दोन्ही भाग एकाच दिवशी, एकाच खोलीत मोजा, आर्द्रता नोंदवा आणि दर काही मोजणींनंतर तुलनेसाठीचा बेरियम सल्फेटचा पांढरा संदर्भ पुन्हा मोजून घ्या. भुकटी काचेने दाबून चकचकीत करू नये, काचेच्या कडेने हलके सपाट करावी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पहिली कुटाई घरच्या लोखंडी खलबत्त्यात झाली होती, तेव्हा त्याचा कीस चुंबकाने काढून टाकतो.

दुसरे उत्तर देणारे:
स्टिलबाइटपुरते चालेल. बेसॉल्टमधून मात्र किसाबरोबर दगडाचे स्वतःचे मॅग्नेटाइटही चुंबकाला चिकटून निघून जाईल, आणि पायरॉक्सीन या बेसॉल्टमधल्या खनिजाचा १००० नॅनोमीटरजवळचा पट्टा दाबून ठेवणारे ते खनिज गेले की वर्णपट उगाचच सुबक दिसेल. बेसॉल्ट नव्याने अकीकाच्या खलात घ्या.