मदत हवी आहे: पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घ्यायची आहे, पण दाराखालच्या पत्र्याचा भरवसा वाटत नाही

नमस्कार मंडळी,

जुन्या गाड्या स्वतः बाळगणाऱ्या आणि दुरुस्त करून घेतलेल्या लोकांचा सल्ला हवा आहे. लिहिणं थोडं लांबेल, पण पूर्ण चित्र दिल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असं वाटतं.

मला कॉलेजच्या वयापासून एकच गाडी हवी आहे. माझदा एमएक्स-५, आणि तीही पहिल्या पिढीची, १९८९ ते १९९७ मधली, बटण दाबल्यावर बॉनेटमधून हेडलाइट वर येतात ती. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर नावाने विकली गेली, अमेरिकेत मियाटा. मधल्या वर्षांत गरजेच्या गाड्या घेतल्या, वापरल्या, विकल्या. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण रस्त्यात कुठे एमएक्स-५ दिसली की आजही मी ती वळणाआड जाईपर्यंत बघत उभी राहते.

बऱ्याच जणांना वाटतं की मला वेगवान गाडीचं वेड आहे. तसं अजिबात नाही. सुरुवातीच्या मॉडेलचं इंजिन १.६ लिटरचं, ताकद साधारण ११५ हॉर्सपॉवर. आजच्या कित्येक घरगुती गाड्या हिला सरळ रस्त्यावर सहज मागे टाकतील. हिची खरी गंमत वजनात आहे. गाडी एक टनाहून कमी भरते, इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे सरकवून बसवलंय, जोर मागच्या चाकांना मिळतो आणि भार पुढे-मागे जवळपास निम्मानिम्मा वाटला जातो. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट आहे. तिच्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मधे कसलाही ढिलेपणा जाणवत नाही. एका ओळखीच्यांनी मला त्यांची गाडी चालवायला दिली होती. गिअरचा दांडा मनगटाच्या हालचालीने पडतो आणि स्टिअरिंगमधून रस्त्याची प्रत्येक खडबड हाताला कळते. साध्या वेगात, साध्या रस्त्यावर इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्याच गाडीने दिलेला नाही.

हिची जन्मकथाही मला फार आवडते. १९७९ मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं की जुन्या ब्रिटिश धाटणीची हलकी, उघडी, स्वस्त स्पोर्ट्स कार आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. पुढे हॉल स्वतःच माझदात गेला. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली गाडी घडली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. २०१६ मध्ये सगळ्या पिढ्या मिळून उत्पादन दहा लाखांवर गेलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण तीस वर्षांहून जुनी गाडी म्हटल्यावर सुट्या भागांची धास्ती असते, आणि इथे ती बरीच कमी आहे. माझदाने २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी जपानमध्ये जीर्णोद्धाराची सेवा जाहीर केली आणि काही भाग नव्याने बनवायला घेतले.

आता मुद्द्याची गोष्ट. मला एक गाडी मिळते आहे. १९९० ची, १.६, लाल, कागदपत्रं आणि सर्व्हिसची नोंदवही व्यवस्थित. मी चालवून पाहिली. क्लच नीट, गिअर दुसऱ्यात कुरकुरत नाही, दोन्ही हेडलाइट एकदम वर येतात. थंड इंजिन सुरू केलं की वरून टिकटिक ऐकू येते आणि गरम झाल्यावर जाते. हायड्रॉलिक लिफ्टरचा (तेलाच्या दाबावर इंजिनाच्या झडपांची फट भरून काढणाऱ्या भागाचा) हा आवाज या इंजिनांत सर्रास असतो, त्यामुळे त्याची मला काळजी नाही. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडली आहे. ती बदलता येईल.

काळजी आहे ती दाराखालच्या पट्ट्यांची, म्हणजे सिलची. या गाडीचा गंज आतून बाहेर येतो. कापडी छतावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जायचं असतं. त्या नळ्या पाल्याने, मातीने तुंबल्या की पाणी सिलच्या पोकळीत साचतं आणि मागच्या चाकाच्या अगदी पुढे पत्रा कुजत जातो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत बरंच काही संपलेलं असतं. या गाडीला नेमका तिथेच काळा संरक्षक लेप ताजा मारलेला आहे. बाकी खालची बाजू जुनी, धुळकट, आणि तेवढाच भाग चकचकीत. मालक वयस्कर आणि सभ्य आहेत, त्यांनी काही लपवलं असं मी म्हणणार नाही; गॅरेजवाल्याने आपणहून मारला असेल. पण लेपाखाली निरोगी पत्रा आहे, जोडकाम (वेल्डिंग) आहे की नुसती पुट्टी भरली आहे, हे मला कळत नाही.

चुंबक लावून पाहिलं, कारण ते पत्र्याला चिकटतं, पुट्टीला नाही. एका बाजूला घट्ट बसतं, दुसऱ्या बाजूला हातभर जागेत मरगळल्यासारखं धरतं. आता मालकांच्या परवानगीने नळ्यांत पाणी ओतून ते खाली नीट पडतं का, हे बघणार आहे. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवायलाही होकार दिला आहे. रॅम्पवर नेमकं काय काय बघू? लेप थोडा खरवडून बघायची परवानगी मागणं रास्त आहे का? आणि ज्यांनी सिल कापून नवी बसवली आहेत त्यांनी कृपया सांगा, काम चांगलं झालं तर ते खरंच टिकतं का? जोडकाम करताना दाराची फट बिघडू नये म्हणून गाडीला आधार कुठे द्यायला लावलात?

दुसरी शंका क्रँकची. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड असतं. टायमिंग बेल्ट (या दांड्याच्या तालावर झडपा उघडबंद करवणारा पट्टा) बदलताना तिथला बोल्ट नीट कसला गेला नाही तर पुलीला (पट्ट्याच्या चाकाला) दांड्यावर पक्कं धरणाऱ्या छोट्या धातूच्या चावीची खाच झिजते आणि पुली डुगडुगायला लागते. इंजिन चालू असताना पुली मला सरळ फिरताना दिसली. बेल्ट बदलल्याची नोंद आहे, बोल्ट किती कसला ते अर्थातच नाही. एवढ्यावर विश्वास ठेवावा, की आखूड टोकाची गाडी नकोच म्हणावं? १.८ लिटरची, १९९३ नंतरची गाडी बघा असंही एका मेकॅनिकने सुचवलं. तिचे ब्रेक मोठे आहेत आणि सांगाडाही जास्त ताठ केलेला आहे. पण १.६ चं इंजिन ज्या आतुरतेने वर चढतं त्यावर माझा जीव आहे. दोन्ही चालवलेल्यांचं मत हवं आहे.

घरून वेगळा आग्रह आहे: एवढीच हौस असेल तर २०१५ नंतरची चौथ्या पिढीची घे. तीही वजनाला एक टनाच्या आसपासच, शिवाय एअरबॅग, एबीएस सगळं आहे. सुरक्षेचा मुद्दा मी हलका मानत नाही, म्हणून ही गाडी हमरस्त्यावर रोज पळवायची नाही असं ठरवलं आहे. चौथी पिढी मी चालवून पाहिली, उत्तम गाडी आहे. पण इतकी वर्षं मनात होती ती ही नाही. ज्यांनी आवडत्या गाडीऐवजी तिची नवी, शहाणी आवृत्ती घेतली, त्यांची जुनीची ओढ नंतर शमली का? हे मला अगदी मनापासून जाणून घ्यायचं आहे.

मालकांना महिनाअखेरीस उत्तर द्यायचं कबूल केलं आहे. दोन्ही सिलचे, नळ्यांच्या तोंडाचे आणि पुलीचे फोटो माझ्याकडे आहेत. रॅम्पवर गाडी चढली की खालून आणखी काढीन. कोणत्या कोनातून हवेत ते सांगा, म्हणजे एका खेपेत काम होईल.