हॅरी पॉटरचा चौथा भाग सहावीतल्या मुलीला द्यावा का?

प्रश्न (लातूर):
मुलगी सहावीला, सेमी इंग्रजीत. पहिले तीन भाग झाले, आता ‘अग्निचषक’ मागतेय. भीतीदायक आहे म्हणतात. नेमकं काय आहे त्यात?

उत्तर (परभणी):
ताई, मालिकेचा सूर इथंच बदलतो. पहिल्याच प्रकरणात म्हाताऱ्या माळ्याचा खून होतो. चौदाव्यात वर्गात कोळ्यावर छळाचा मंत्र चालवून दाखवतात. सगळ्यात जड ३२ ते ३४, म्हणजे कब्रस्तान: हॅरीच्या शाळेतला सेड्रिक एका क्षणात मरतो, खलनायकाचा चाकर वर्मटेल स्वतःचा हात कापतो. तेवढी तीन प्रकरणं आधी स्वतः वाचा अन् तिला दिवसा वाचू द्या. ३४ वर थांबवू नका. पुढच्या तीन प्रकरणांत उलगडा आणि शोक आहे. तो वाचला नाही तर लेकराच्या डोक्यात नुसती भीती उरते.

उत्तर (नांदेड):
द्याच. पण सिनेमा आधी दाखवू नका. त्यात विंकी अन् तिच्यासारख्या घरगुती एल्फांच्या, म्हणजे जादूगारांच्या घरी गुलामासारख्या राबणाऱ्या जीवांच्या, हक्कांचा धागाच गाळलाय. चौदाव्या प्रकरणात हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल का थरथरतो, ते तिसाव्यात कळतं. तिथं तिच्याशी जरूर बोला. माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथं आहे, ड्रॅगनात नाही.

प्रश्नकर्ती:
अन् पाचवा लगेच द्यावा का?

उत्तर (परभणी):
थोडं थांबा. तो याहून जाड आहे, हॅरी सतत चिडलेला असतो, अन् अम्ब्रिज नावाची शिक्षिका शिक्षा म्हणून मुलांच्या हातावर अक्षरं कोरवते. आधी चौथ्यातला सेड्रिक पचू द्या.