व्हीलचेअर असेल तर आधी फोन करूनच ट्रेनला जायचं का?

ऐरोलीकर_चाकावर:
मणक्याला मार लागून अकरा वर्षं झाली, तेव्हापासून व्हीलचेअर. मागच्या महिन्यात भाच्याच्या मुंजीला पुण्याला निघालो होतो, थर्ड एसीचं तिकीट, सोबत धाकटा भाऊ. आदल्या संध्याकाळी फोन केला तर 'या, माणूस असेल' म्हणाले. पाऊण तास आधी पोचलो, माणूस नाही. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. गाडी आली, दोन मिनिटांचा हॉल्ट, शेवटी भावाने आणि दोन हमालांनी बखोटीला धरून मला दारातून आत सरकवलं, भाऊ खुर्ची घ्यायला खाली उतरला आणि गाडी सुटली. मी दाराजवळ जमिनीवर आणि खुर्ची, भाऊ दोघं बाहेर. पुण्यापर्यंत बाथरूमला जाता आलं नाही. भाऊ खुर्ची घेऊन मागून बसने आला.

मला आणि सोबतच्या माणसाला थर्ड एसीत 75 टक्के सवलत आहे. हवी तर ती काढून घ्या, पण प्रत्येक पाळीत खुर्ची चढवता येणारा एक माणूस ड्युटीवर ठेवा, टीसी असतो ना तसा. नवी मुंबईच्या बेलापूर-पेंधर मेट्रोने मी एकटा जातो, प्लॅटफॉर्म आणि डबा एका लेव्हलला, कुणाला फोन नाही की विनवण्या नाहीत.

डाऊनफास्ट:
दादा, तुमच्याबरोबर झालं ते चूकच. पण न कळवता कधीही या आणि माणूस तयार, हे ठाण्यासारख्या स्टेशनात कसं जमणार सांगा. दहा प्लॅटफॉर्म, सकाळी आठला जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते, लोकल अर्धा मिनिट धड थांबत नाही, एक गाडी अडकली की मागच्या चार रखडतात आणि त्यातल्या लोकांचाही लेटमार्क लागतो. विमानालासुद्धा व्हीलचेअरचं आधी सांगावं लागतं. मग इथे सांगायला काय हरकत आहे?

ऐरोलीकर_चाकावर:
मी सांगितलं होतं की! तेच तर लिहिलंय वर. आणि वडील आयसीयूत असले तर आदल्या दिवशी कसं कळवायचं? तुम्ही कळवता का कधी?

जुना_सिग्नल:
एकतीस वर्षं स्टेशनवर नोकरी केली, रिटायर झालो, म्हणून थोडं आतलं सांगतो. व्हीलचेअर डेप्युटी एसएसच्या, म्हणजे उपस्टेशन अधीक्षकाच्या ऑफिसला असते, पण ढकलणारा आमचा नसतो. हमाल, म्हणजे 2016 पासूनचे 'सहायक', हे लायसन्सवाले, पगारी नाहीत. तुमचा फोन ज्याने घेतला त्याची ड्युटी रात्री संपली असणार आणि पुढच्याला निरोप मिळाला नसणार, हे मी बघितलंय. दुसरं म्हणजे रॅम्प. मेल-एक्स्प्रेसचे प्लॅटफॉर्म रुळापासून साधारण 760 ते 840 मिलीमीटर, डब्याची जमीन जवळपास 1300. अर्ध्या मीटरचा चढ. एकास बारा उताराने रॅम्प करायचा तर सहा मीटर लांब लागेल, तो डब्याच्या दाराला लावून होत नाही. म्हणजे उचलणं किंवा हाताने फिरवायची छोटी लिफ्ट. उचलायचं कसं हे आम्हाला कुणी कधी शिकवलं नाही, पडला माणूस तर मेमो आमच्यावर. त्यामुळे आधी कळवा हे माझंही मत आहे, फक्त निरोप वहीत गेला पाहिजे, कुणाच्या डोक्यात नाही.

वाशीची_आई:
माझा मुलगा चौदा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, आता मला उचलवत नाही. ठाण्याहून वाशी-पनवेलच्या गाड्या प्लॅटफॉर्म नऊ-दहावरून सुटतात, तिथे गाडी येऊन काही मिनिटं उभी असते. निदान तिथे तरी एक माणूस आणि फळी ठेवायला काय अडचण आहे? आम्ही दिव्यांगांच्या डब्याशी जातो तर आत धडधाकट माणसं बसलेली, उठा म्हटलं की मोबाईलमध्ये मान घालतात. कर्मचारी नाहीत म्हणता, पण 2024 मध्ये 63 तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या बंद ठेवून, ठाण्याचा पाच नंबर प्लॅटफॉर्म रुंद केलाच ना? मनात आलं की होतं सगळं.

घोडबंदर_रोड:
राग मानू नका पण अशा वेळी गाडी करून जावं ना, सुरक्षित पण आहे. गर्दीत तुम्हाला लागलं तर?

ऐरोलीकर_चाकावर:
राग येतो हो. पुण्याची टॅक्सी जाऊन-येऊन किती होते बघा एकदा, दर सणाला कुणाला परवडणार? आणि घरी बसा हेच अकरा वर्षं ऐकतोय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्टेशन आणि गाड्या दोन्ही सुगम करा असं आहे, नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, बंधनकारक नियम करा. मी उपकार मागत नाहीये.

डाऊनफास्ट:
कायदा मान्य. वाशीच्या ताईंचं पण पटलं, नऊ-दहापासून सुरू करा. पण पीक अवरला फास्ट लोकलमध्ये खुर्ची न कळवता, यावर माझं मत तेच आहे.

जुना_सिग्नल:
ऐरोलीकर, खुर्चीचं वजन किती?

ऐरोलीकर_चाकावर:
सतरा किलो, मी बासष्ट. माझ्यासकट उचलायची तर आधी ब्रेक लावायचे, मग एकाने मागून हँडल आणि दुसऱ्याने पुढून फ्रेम, पाय ठेवायच्या पट्टीला धरायचं नाही. हात टेकायच्या दांड्यांना तर अजिबातच नाही, त्या उपसून हातात येतात आणि माणूस खाली. आणि उचलायच्या आधी मला विचारायचं.

जुना_सिग्नल:
हे आमच्या जुन्या ग्रुपवर टाकतो. त्यात अजून सहा-सात जण ड्युटीवर आहेत.

वाशीची_आई:
मलाही पाठवा, मुलाच्या बाबांना दाखवते.