टेक्स्टव्ह्यूत पहिल्या ओळीचा रफार कापला जातोय, शिरोरेषा पण तुटतेय

अर्धाचहा:
आजीच्या जात्यावरच्या ओव्या वहीतून टाईप करून घरच्यांपुरतं अँड्रॉइड अ‍ॅप करतोय, साधा टेक्स्टव्ह्यू (मजकूर दाखवणारा घटक) आणि वेगळा देवनागरी फॉन्ट, बाकी काही नाही. पण पहिल्याच ओळीत 'मार्गीं' आलं की रफार, वेलांटी, अनुस्वार सगळं वरून सपाट कापलं जातं, तोच शब्द दुसऱ्या ओळीत मात्र नीट दिसतो. शीर्षकात शिरोरेषा अक्षरागणिक तुटते, 'कमळ' म्हणजे तीन सुटे तुकडे. आणि जस्टिफाय (ओळी दोन्ही कडांना भिडवणं) लावलंय तर ढिम्म हलत नाही. लाइनस्पेसिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, १.२ चं १.५ करून पाहिलं, ओळी लांब गेल्या, कापणं तसंच. आजी म्हणते माझाच चष्मा गेलाय.

चक्रमकोड:
इन्क्लूडफॉन्टपॅडिंग फॉल्स केलंय का? इंग्रजी डिझाइनमधून उचललं की हे हमखास येतं. ते फॉल्स केलं की पहिल्या ओळीच्या डोक्यावरची आणि शेवटच्या ओळीखालची जादा जागा जाते, आणि आपल्या मात्रा नेमक्या तिथेच राहतात. लाइनस्पेसिंग ओळीच्या खाली वाढतं त्यामुळे पहिल्या ओळीला त्याचा काय उपयोग. ट्रू करा, तरी कापलं तर पॅडिंगटॉप (वरची मोकळी जागा) द्या, आणि उंची डीपीत (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) ठोकली असेल तर रॅप कंटेंट (मजकुराइतकी उंची) करा आधी.
शिरोरेषेचं म्हणाल तर लेटरस्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शोधा थीममध्ये. ०.०५ दिसायला किरकोळ पण ते एममध्ये, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत असतं, २० एसपीच्या (एसपी म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) अक्षराला १ एसपीची फट. देवनागरीला शून्यच ठेवा.

जुनाखेळाडू:
जस्टिफाय एपीआय २६ (अँड्रॉइड ८) पासून आहे, पण एंटर मारलेली ओळ तो ताणत नाही, आणि ओवीत प्रत्येक चरणाला एंटर असणारच. खरं सांगू का, ओवीला ते नकोच, शब्दांत खिंडारं पडतात. त्यापेक्षा लीडिंगमार्जिनस्पॅन (ओळीच्या सुरुवातीला समास सोडणारी सोय) लावा, पहिली ओळ ०, लांब चरण खाली वळला की आत सरकतो, चरण कुठे सुरू झाला ते कळतं.

अर्धाचहा:
चक्रमकोड, दोन्ही तुम्ही म्हणालात तेच निघालं!! थीम कुठूनतरी कॉपी केलेली, ०.०५ तिथेच बसलेलं. जुनाखेळाडू, स्पॅनला २४ दिलं तर जेमतेम हललं?

जुनाखेळाडू:
ते पिक्सेल घेतं, डीपी नाही. डेन्सिटीने (एका डीपीत किती पिक्सेल तो आकडा) गुणा.

अर्धाचहा:
हो की! झालं.